नवानगरचे बापू



वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या सणाला आपल्या धर्मग्रामातून दरवर्षी गाड्या भरून मंडळी जातात. त्याच वांद्र्यात १९४२ साली दीडशेहून अधिक पोलिश मुले येऊन राहिली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. युद्धाने त्यांचे घर, देश आणि बहुतेकांचे आईवडील हिरावून घेतले होते. काही महिन्यांनी ही मुले काठेवाडात नवानगर संस्थानात, म्हणजे आजच्या जामनगरला गेली. तिथे एक हिंदू राजा त्यांचा बाप झाला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे त्यांचे नाव. या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. जामसाहेब संत नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते. तरीही आज त्यांचे चरित्र आम्ही निवडले आहे. युद्धातून वाचलेले मूल उद्याचा विचार कसा करते, हा प्रश्न वर्तमानपत्र उघडले की आजही आपल्यापुढे येतो आणि त्याचे उत्तर या माणसाच्या आयुष्यात पुष्कळसे सापडते.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. ते राजाच्या पोटी जन्मले नव्हते. प्रख्यात क्रिकेटपटू रणजितसिंहजी, ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो, हे त्यांचे काका. दुलीप करंडक ज्यांच्या नावाचा आहे ते दुलीपसिंहजी हे त्यांचे धाकटे बंधू. या घराण्यात दत्तक या शब्दाला फार वजन होते आणि त्यात दुःखही होते. खुद्द रणजितसिंहजींना लहानपणी नवानगरच्या राजाने वारस म्हणून दत्तक घेतले होते. पुढे राजाला मुलगा झाला आणि दत्तक वारस बाजूला पडला. हातात आलेले भविष्य कोणी काढून घेतले म्हणजे काय होते, हे रणजींनी पोरवयात अनुभवले. गादी त्यांना मिळाली ती १९०७ साली, बऱ्याच झगड्यानंतर. ते अविवाहित राहिले आणि त्यांनी आपल्या या पुतण्याला वारस केले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, नंतर इंग्लंडात माल्व्हर्न आणि लंडन येथे शिकलेला हा पुतण्या १९१९ पासून बारा वर्षे लष्करात अधिकारी होता. १९३३ साली रणजी वारले आणि सदतिसाव्या वर्षी दिग्विजयसिंहजी जामसाहेब झाले.

पोलंडविषयी त्यांना आधीपासून ओढ होती. रणजी पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाला जात. तिथे या पुतण्याची पोलंडचे थोर पियानोवादक आणि माजी पंतप्रधान पादेरेव्हस्की यांच्याशी ओळख झाली, असे सांगतात. १९३७ पासून जामसाहेब भारतातील संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या युद्धविषयक मंडळात भारताचे प्रतिनिधी म्हणून बसत. पोलंडचे निर्वासित सरकारही तेव्हा लंडनलाच होते. तिथे त्यांना या मुलांची हकीकत कळली.

ती हकीकत अशी. १९३९ च्या सप्टेंबरात हिटलरने पश्चिमेकडून आणि स्टालिनने पूर्वेकडून पोलंड गिळला. फेब्रुवारी १९४० पासून पुढच्या दीड वर्षात सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना रात्री-अपरात्री घरातून उठवून मालगाड्यांत भरले आणि सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकले. शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिकांच्या बायका, म्हातारी माणसे, तान्ही मुले, सगळी. उपासमार, थंडी आणि टायफसने माणसे पटापट मेली. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावरच चाल केली तेव्हा स्टालिनला पोलंडशी जुळवून घ्यावे लागले आणि या कैद्यांना मोकळीक मिळाली. मोकळीक म्हणजे चालत दक्षिणेला जाण्याची मुभा. वाटेत आईबाप गेले आणि मागे राहिलेली मुले अनाथालयांत गोळा झाली. काहींच्या आयांनी स्वतःच मुलांना अनाथालयाच्या दारात सोडले, कारण आतल्या मुलांना रशियाबाहेर नेणार असे त्यांनी ऐकले होते. आपले मूल जगावे म्हणून त्याला अनाथ म्हणवून घेणाऱ्या त्या आयांचा विचार मनात आला की आमचे वाचन तिथेच थांबते.

मुंबई बंदरात मुलांचे जहाज नाकारले गेले आणि मग जामसाहेबांनी ते आपल्या किनाऱ्याला लावले, अशी एक गोष्ट अलीकडे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ती खरी नाही. पहिली मुले सोव्हिएत हद्दीतील अश्गाबादहून निघाली, आणि इराणमधील मशहदमार्गे डोंगर व वाळवंट त्यांनी ट्रकांनी ओलांडले. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. निधी उभारणाऱ्यांमध्ये मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हेही होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारला हा खर्च आपल्या अंगावर नको होता. जामसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, इतर संस्थानिकांकडे शब्द टाकला आणि पैसा उभा राहिला.

जामनगरपासून काही कोसांवर समुद्रकाठी बालाचडी येथे जामसाहेबांचा उन्हाळी वाडा होता. त्याच्याजवळच मुलांसाठी बराकी बांधल्या गेल्या. १९४२ ते १९४६ या काळात हजाराच्या आसपास मुले या छावणीत राहून गेली असे मानतात. छावणीचे प्रमुख होते फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश धर्मगुरू. मुले आली त्या वेळी जामसाहेब त्यांना भेटायला गेले आणि त्यांनी सांगितले की आजपासून तुम्ही पोरकी नाही, तुम्ही नवानगरची आहात आणि नवानगरच्या सर्व प्रजेचा मी बापू आहे, तसा तुमचाही. त्या दिवसापासून मुले त्यांना बापू म्हणू लागली. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ही मुले भविष्याची कोणती स्वप्ने पाहत होती? सुरुवातीला कोणतीच नाही. रशियातून सुटलेल्या पोलिश मुलांविषयी सगळीकडे एक गोष्ट आढळते. पोटभर जेवल्यावरही ती पावाचे तुकडे उशीखाली, गादीखाली लपवून ठेवत. वाढणारे हसत, रागावत, पण पाव लपविणे महिनोन्‌महिने चालूच राही. आम्हाला वाटते, हा पाव म्हणजेच त्या मुलांचे भविष्य होते. त्यांचा उद्या सकाळच्या न्याहारीपर्यंतच पोचत होता. त्यापलीकडे काही असेल यावर त्यांचा भरवसा नव्हता आणि तो का असावा? वारंवार मोडलेला भरवसा व्याख्याने देऊन परत येत नाही. मोठेपणी कोण होणार, असे अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात विचारणे हा अडाणीपणा आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला आशेचा विचार आम्हाला शिकविला गेला. ते म्हणतात की ज्याची आपण आशा धरतो ती गोष्ट चांगली असते, ती अजून यायची असते, ती मिळणे कठीण असते, पण ती मिळणे शक्य असते. शक्यतेचा धागा तुटला की आशा निराशेत बुडते. पुढे ते असेही सांगतात की ही शक्यता कधी आपल्या बळाने असते, तर कधी दुसऱ्याच्या मदतीने. बालाचडीच्या मुलांकडे स्वतःचे बळ शून्य होते. म्हणून सारा प्रश्न त्या दुसऱ्यावर येऊन ठेपला होता.

त्या दुसऱ्याने काय केले? मोठे असे काही नाही. मुलांना तिखट जेवण सोसेना म्हणून गोव्याचे स्वयंपाकी आणले. आपल्या वाड्यातील पाहुण्यांच्या घरात शाळेची सोय केली. टेनिसची मैदाने आणि पोहण्याचा तलाव मुलांना मोकळा केला. पोलिश भाषेतील पुस्तके मिळविली. छावणीत पोलंडचा पांढरा-लाल झेंडा रोज चढत असे. बालवीरांची पथके होती, प्रार्थनामंदिर होते, मिस्सा होत असे. मुले नाटके आणि लोकनृत्ये बसवीत आणि बापू ती पाहायला येत. पालकाच्या भाजीची गोष्ट त्या मुलांनी म्हातारपणीसुद्धा रंगवून सांगितली आहे. स्वयंपाकघरातून सारखा पालक येऊ लागला तेव्हा मुलांनी तो खाणार नाही म्हणून संप केला. जामसाहेबांच्या कानावर ते गेले आणि त्यांनी पालक बंद करण्याचा हुकूम दिला. घराघरातल्या आयांना हा हुकूम आवडणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी भाकरीच्या तुकड्यासाठी भांडणारे मूल आज ताट मागे सारते, याचा अर्थ उद्याचे ताट नक्की येणार हे त्याला आता पटले आहे.

असे होत होत त्या मुलांचा उद्या लांब होत गेला. न्याहारीपासून रविवारच्या खेळापर्यंत, तिथून नाताळच्या नाटकापर्यंत आणि मग परीक्षेपर्यंत. क्षयाची बाधा झालेल्या किंवा फार अशक्त मुलांना आपल्या पाचगणीच्या हवेत पाठविले जाई आणि काही मुले-मुली वसतिगृहाच्या शाळांत गेली. मुले परिचारिका, वैमानिक, शिक्षक होण्याची, काही धर्मगुरू होण्याची भाषा बोलू लागली. पण ही सगळी स्वप्ने एकाच जागी उभी होती. घरी परत जायचे, ही ती जागा. त्यांच्या डोळ्यांपुढे उद्या म्हणजे कालचेच गाव होते. तेच अंगण, तेच सफरचंदाचे झाड, दारात उभी आई. आई वाटेत गेली हे ज्यांना माहीत होते तीसुद्धा तिला त्या दारात उभी करीत. ज्यांचे वडील पोलिश सैन्यात होते ती इटलीच्या आघाडीवरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत. काहींचे वडील १९४० सालीच कातिनच्या जंगलात गोळ्या घालून मारले गेले होते, आणि ते सोव्हिएतांनी केले हे मॉस्कोने कबूल केले ते १९९० साली.

इथे जामसाहेबांची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. ही मुले त्यांना आपलीशी करून घेता आली असती. गुजराती शिकवून, आपल्या रीतीरिवाजांत वाढवून नवानगरची रयत करता आली असती. त्यांनी बापपण घेतले, पण मुलांची भाषा, धर्म आणि देश यांना हात लावला नाही. ते स्वतः श्रद्धाळू हिंदू होते. १९४७ नंतर सोमनाथाचे मंदिर पुन्हा उभारण्याच्या कामात सरदार पटेलांबरोबर त्यांचा पुढाकार होता. त्याच माणसाच्या वाड्याशेजारी रोज जपमाळेची प्रार्थना होत होती. दुसऱ्याच्या मुलाला वाढवायचे आणि ते आपल्यासारखे व्हावे असा हट्ट धरायचा नाही, हे आपल्याला वाटते तितके सोपे नाही. स्वतःच्या मुलांच्या बाबतीतही ते आपल्याला कुठे जमते?

या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती लपविणे योग्य नाही. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली. आपल्याच देशात मुले रस्त्यावर मरत असताना परक्यांच्या मुलांसाठी टेनिसची मैदाने, असा प्रश्न कोणी केला तर त्याला गप्प बसविता येणार नाही. संस्थानिक ब्रिटिशांचे मित्र होते आणि मित्रराष्ट्राच्या मुलांना मदत करण्यात राजकारणही होते. आम्हाला एवढेच म्हणावेसे वाटते की बंगालच्या मुलांचा घास या मुलांनी काढून घेतला नव्हता. जे दार ज्याच्या हाती होते ते त्याने उघडले.

बालाचडीबरोबरच आपल्या महाराष्ट्रातही कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. तिथे पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित होते, बहुतांशी स्त्रिया आणि मुले. चर्च, शाळा, इस्पितळ, नाटकगृह असे ते एक छोटे पोलिश गावच होते. १९४६ साली बालाचडी बंद झाली तेव्हा तेथील बरीच मुले वळिवड्याला आली.

त्याआधीच त्यांचे स्वप्न मोडले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाला देऊन टाकला. ल्वुफ, विल्नो आणि आसपासची सारी गावे, जिथून यांतील बहुतेक मुले आली होती, ती नकाशावर राहिली पण पोलंडमध्ये राहिली नाहीत. उरलेल्या पोलंडवर कम्युनिस्टांची सत्ता आली आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटननेही तिला मान्यता दिली. युद्ध जिंकलेल्या बाजूची ही मुले घर हरली. चार वर्षे ज्या दाराकडे डोळे लावले ते दारच आता नव्हते. मुलांनी पोलंडला परत यावे असा नव्या सरकारचा आग्रह सुरू झाला. ज्या सत्तेने त्यांना सायबेरियात नेले होते तिच्याच छायेत परत जायचे होते. अज्ञान मुलांना कोण विचारतो? पालक नसलेल्या मुलाचे भविष्य सरकारे आपसांत ठरवितात.

अशा वेळी दत्तक हा शब्द पुन्हा पुढे आला. जामसाहेब, फादर प्लुता आणि छावणीचे काम पाहणारे ब्रिटिश अधिकारी मेजर क्लार्क यांनी या मुलांना कायद्याने दत्तक घेतले. पालक असलेल्या मुलांना परस्पर कुठे पाठविता येईना. रणजींपासून चालत आलेला तो शब्द, ज्याने एकाचे भविष्य हिरावले आणि दुसऱ्याला गादी दिली, तो इथे पोरक्या मुलांची ढाल झाला. या दत्तकाने मुलांना राज्य किंवा इस्टेट मिळाली नाही. मिळाला तो वेळ, आणि कुठे जायचे हे स्वतः ठरविण्याची सवड. फादर प्लुता काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेले आणि नव्या पोलिश सरकारने त्यांना मुले पळविणारा ठरविले. बाकीची इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला गेली. काहींनी पोलंडचीच वाट धरली. तिथे परदेशात वाढलेल्यांकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले. यांतून डॉक्टर, अभियंते, शिक्षक झाले, साध्या नोकऱ्या करणारेही झाले. लहानपणी पाहिलेले गाव मात्र फार थोड्यांना पुन्हा दिसले. स्वप्न पुरे झाले असे कोणाच्याही बाबतीत म्हणता यायचे नाही. पण स्वप्न मोडल्यावर दुसरे पाहण्याची ताकद त्यांच्यात उरली होती. पाव लपविणाऱ्या मुलांत ती नव्हती, ती मधल्या चार वर्षांत आली.

जामसाहेबांनाही त्याच सुमारास स्वतःचे भविष्य नव्याने मांडावे लागले. ज्या गादीसाठी त्यांना दत्तक घेतले होते ती गादीच राहिली नाही. काठेवाडातील संस्थानिकांत भारतात सामील होण्यासाठी ते आघाडीवर होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये नवानगर सौराष्ट्र संघात विलीन झाले आणि ते त्या संघाचे राजप्रमुख झाले. हे पद १९५६ पर्यंत होते. संयुक्त राष्ट्रसंघातही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

या उपकाराची परतफेड कशी करू, असे पोलंडचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी त्यांना विचारले होते असे सांगतात. पोलंड स्वतंत्र झाला की तिथल्या एखाद्या रस्त्याला माझे नाव द्या, एवढेच त्यांनी मागितले. सिकोर्स्की १९४३ साली विमान अपघातात गेले आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे कम्युनिस्ट पोलंडमध्ये या मुलांच्या हकीकतीचा उच्चारही कठीण होता. १९८९ नंतर वारे फिरले. वॉर्सा शहरातील एका चौकाला २०१२ साली भल्या महाराजांचा चौक असे नाव मिळाले. पोलंड सरकारने त्यांना मरणोत्तर सन्मानपदकही दिले. बालाचडीच्या जागेवर आता सैनिकी शाळा आहे. वळिवड्याच्या बराकी पोलिश लोकांनी सोडल्या आणि फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तिथे राहायला आली. कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर ते हेच.

वॉर्सामध्ये त्या चौकाच्या आधीपासून एक शाळा जामसाहेबांच्या नावाने चालते. युद्धामुळे चेचन्यासारख्या ठिकाणांहून पळून आलेल्या कुटुंबांतील मुलांना तिने आपल्या वर्गांत घेतले आहे.